गोंगाटाचे मापन आणि विश्वास-अंतराल

मराठीत नकोशा आवाजाला शब्दांची वानवा नाही. गलका माणसांचा, कलकलाट पाखरांचा किंवा पोरांचा, खणखणाट भांड्यांचा, खडखडाट गाड्यांचा, दणदणाट ढोलांचा. आणि ह्या सर्वांची सरमिसळ होऊन कोणता आवाज कोणाचा हे कळेनासे झाले म्हणजे तो गोंगाट. ह्या शब्दांत आवाजाचे उगमस्थान आहे, त्याची जात आहे, ऐकणाऱ्याचा त्रासही आहे. तो आवाज किती, हे मात्र त्यांत नाही. ‘किती’ ह्या प्रश्नाला अंकांत उत्तर देण्याची सोय विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात झाली आणि त्या उत्तरावर कितपत विसंबावे हे सांगण्याची रीत चौथ्या दशकात निघाली. पहिली गोष्ट टेलिफोनच्या तारांतून आली. दुसरी शेतीच्या व खानेसुमारीच्या आकड्यांतून. दोहोंच्या जन्मांत फारसे अंतर नसूनही रोजच्या व्यवहारात त्यांची गाठ उशिराने व अर्धवटच पडली. आजही ध्वनिपातळीचा आकडा जितक्या सहजपणे उच्चारला जातो, तितक्या सहजपणे त्याच्या भरवशाची मर्यादा उच्चारली जात नाही. ह्या दोन कल्पनांचा इतिहास एकत्र पाहिला म्हणजे ही उणीव कोठून आली याचा बराचसा उलगडा होतो.

तारेतून जाणारे बोलणे अंतराबरोबर क्षीण होत जाते. ही क्षीणता मोजण्यासाठी अमेरिकेतील बेल टेलिफोन कंपनीचे अभियंते प्रथम ‘प्रमाण तारेचा मैल’ हे एकक वापरीत. १९२४ च्या सुमारास त्यांनी त्याऐवजी लॉगरिथमवर आधारलेले एकक घेतले आणि १९२८ साली त्या एककाला अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांच्या नावावरून ‘डेसिबल’ हे नाव दिले. कानाला जेमतेम ऐकू येणाऱ्या ध्वनीला शून्य मानले की हेच एकक आवाजाच्या मापनासही उपयोगी पडते. ध्वनीची ऊर्जा दुप्पट झाली तर पातळी सुमारे ३ डेसिबलांनी चढते, दसपट झाली तर १० नी, शंभरपट झाली तर २० नी. कान ज्या अफाट पल्ल्यात काम करतो तो पल्ला शंभर-सव्वाशे अंकांत बसविण्याची ही युक्ती सोयीची खरी. पण तिच्यामुळे सरासरीसारख्या साध्या क्रियेतही एक खोच शिरली. ६० आणि ८० ह्या दोन पातळ्यांची शाळेत शिकविली जाणारी सरासरी ७० येते. ऊर्जेची सरासरी काढून तिचे पुन्हा डेसिबलांत रूपांतर केले तर उत्तर ७७ येते. दोन्ही उत्तरे बरोबर आहेत. ती दोन निराळ्या प्रश्नांची आहेत.

डेसिबल हे नाव पडल्यानंतर पुढच्याच वर्षी, म्हणजे १९२९ साली, न्यूयॉर्कचे आरोग्य आयुक्त शर्ली विन यांनी गोंगाट-निवारण आयोग नेमला. त्याचा अहवाल १९३० साली ‘सिटी नॉइझ’ ह्या नावाने प्रसिद्ध झाला. शहराच्या आवाजाचे पद्धतशीर मापन करण्याचा हा पहिल्या मोठ्या प्रयत्नांपैकी एक होय. मापनाची उपकरणे एका मालमोटारीत बसविली होती. त्या मोटारीने शहरात ५०० मैलांहून अधिक फिरून १३८ ठिकाणी सुमारे १०,००० नोंदी घेतल्या. वर्तमानपत्रांतून प्रश्नावली छापून नागरिकांना सर्वांत जाचक आवाज कोणता हेही विचारण्यात आले आणि त्याला ११,००० हून अधिक उत्तरे आली. अहवालाची भाषा ठिकठिकाणी मोठी खुमासदार आहे. शहरातील काही जागी सैबेरियाचा किंवा बंगालचा वाघ मनसोक्त गुरगुरला तरी वाटेने जाणाऱ्याचे तिकडे लक्ष जाणार नाही, असा दाखला आयोगाने दिला होता. लोकांना डेसिबल कळत नव्हता, वाघ कळत होता.

ह्या दहा हजार नोंदींचे वजन वाचकावर पडते ते त्यांच्या संख्येमुळे. परंतु नोंदी दहा हजार असल्या तरी जागा १३८ च आहेत. एका जागी उभे राहून घेतलेल्या सत्तर-बहात्तर नोंदी त्या जागेविषयी पुष्कळ सांगतात. शेजारच्या गल्लीविषयी त्या काहीच सांगत नाहीत. मग ‘न्यूयॉर्कचा आवाज इतका’ असे म्हणावयाचे झाल्यास दहा हजार पुरावे हाताशी आहेत असे समजावे की एकशे अडतीस? ह्या प्रश्नाला नेमके उत्तर देण्याची साधने आयोगाच्या हाती नव्हती, आणि त्यात आयोगाचा दोषही नव्हता. थोडक्या नोंदींवरून सरासरीची त्रुटी कशी अजमावावी हे विल्यम गॉसेट यांनी १९०८ साली ‘स्टुडंट’ ह्या टोपणनावाने दाखविले होते. गॉसेट डब्लिनच्या गिनेस मद्यनिर्मितीगृहात नोकरीस होते आणि त्यांच्यापुढचे प्रश्न बार्लीचे व प्रयोगशाळेतील मोजक्या नमुन्यांचे होते. त्यांच्या गणिताला रोनाल्ड फिशर यांनी पुढे आजचे रूप दिले. पण शेत, कारखाना आणि प्रयोगशाळा यांच्याबाहेर, रस्त्यावरच्या मापनापर्यंत, ते अद्याप पोचले नव्हते.

१९३४ च्या जून महिन्याच्या १९ तारखेस लंडनच्या रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीपुढे येर्झी नेमन यांनी एक निबंध वाचला. नेमन हे पोलिश गणिती. वॉर्सा येथे काम करीत असता ह्या कल्पनेने त्यांच्या मनात मूळ धरले होते. निबंधाचा विषय होता नमुनापद्धतीची दोन अंगे. संख्याशास्त्राच्या इतिहासात तो दोन कारणांसाठी स्मरणीय ठरला, आणि गोंगाटाच्या मापनाशी त्या दोन्ही कारणांचा संबंध आहे.

पहिले कारण म्हणजे विश्वास-अंतराल. नमुन्यावरून काढलेली सरासरी हा एकच आकडा न सांगता तिच्या दोन्ही बाजूंस किती अंतर सोडावे, म्हणजे खरे मूल्य त्या अंतरालात सापडण्याची हमी ठरावीक प्रमाणात देता येईल, हे नेमन यांनी मांडले. संज्ञा घडताना शब्दांची निवड कशी होते हे पाहण्यास येथे चांगले उदाहरण मिळते. नेमन यांच्या मातृभाषेतील शब्द ‘उफनोश्च’, म्हणजे भरवसा. त्याचे इंग्रजी ‘कॉन्फिडन्स’ झाले. फिशर यांनी १९३० साली जवळपास अशाच हेतूने पण वेगळ्या तत्त्वावर उभारलेल्या पद्धतीला ‘फिड्युशियल’ असे विशेषण योजले होते. हे दोन्ही शब्द लॅटिन भाषेतील विश्वासवाचक एकाच धातूपासून निघाले आहेत. दोन प्रतिस्पर्धी विचार एकाच मुळाच्या शब्दांनी ओळखले जावेत, आणि त्यांच्या जनकांत पुढे आयुष्यभर टिकलेला वाद व्हावा, हा योग विलक्षणच. मराठीत त्यास ‘विश्वास’ म्हणताना आणखी एक छटा येते. वि-श्वस्, म्हणजे मोकळा श्वास घेणे. भीती नसली की श्वास मोकळा होतो, त्यावरून विश्वास. नेमन यांच्या अंतरालाने मात्र मोकळा श्वास घेण्याइतकी निश्चिंती कोणालाच दिली नाही. त्याच सभेत आर्थर बाउली ह्या ज्येष्ठ संख्याशास्त्रज्ञांनी शब्दावर कोटी करीत शंका काढली, की ह्या विश्वासाच्या नावाखाली काही चलाखी तर होत नाही ना! कोटी म्हणून ती सोडून देता आली असती. पण तिच्यामागची अडचण खरी होती.

अडचण अशी. ९५ टक्के विश्वास-अंतराल ५५ ते ५८ आला, तर खरी सरासरी त्यात असण्याची शक्यता ९५ टक्के आहे असे बहुतेक वाचक समजतात. नेमन यांना हा अर्थ मान्य नव्हता. त्यांच्या मते खरे मूल्य अज्ञात असले तरी स्थिर आहे. ते ह्या अंतरालात आहे तरी किंवा नाही तरी. ९५ हा अंक रीतीचा आहे. ह्याच रीतीने पुनःपुन्हा नमुने घेऊन अंतराल काढीत गेल्यास शंभरांतील सुमारे पंचाण्णव अंतराल खऱ्या मूल्याला कवेत घेतील. हाती असलेला अंतराल त्या पंचाण्णवांतील की उरलेल्या पाचांतील, हे त्याच्याकडे पाहून कळत नाही. भरवसा एखाद्या साक्षीवर नसून साक्षी निवडण्याच्या पद्धतीवर असतो, असे म्हटल्यास ते फारसे चुकणार नाही. नेमन यांनी हे सर्व अधिक काटेकोरपणे १९३७ साली मांडले.

निबंधाचे दुसरे अंग आज काहीसे झाकोळले गेले आहे. आवाजाच्या बाबतीत ते पहिल्याहून महत्त्वाचे ठरते. इटलीत जीनी व गालवानी ह्या संख्याशास्त्रज्ञांनी १९२१ च्या खानेसुमारीतून नमुना काढताना २१४ विभागांपैकी २९ विभाग बुद्ध्या निवडले होते. काही प्रमुख लक्षणांत ह्या २९ विभागांची सरासरी देशाच्या सरासरीशी जुळावी अशी ती निवड होती. ज्या लक्षणांवरून निवड केली ती जुळली, बाकीची फसली. नेमन यांनी ह्या पद्धतीचे वैगुण्य दाखवून तिच्या जागी दुसरी रीत सुचविली. समष्टीचे आतून बऱ्यापैकी एकजिनसी असे स्तर पाडावेत, प्रत्येक स्तरातून चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे नमुना उचलावा, आणि ज्या स्तरात घटकांची संख्या व आपसांतील तफावत अधिक, त्यातून अधिक नमुने घ्यावेत. शितावरून भाताची परीक्षा होते ती भात एका आधणात शिजला म्हणून. ताटात भात, आमटी व लोणचे असेल तर शितावरून लोणच्याची परीक्षा होत नाही.

ह्या सिद्धांताचा मराठी माणसाशी आलेला संबंध नोंदविण्याजोगा आहे. सातारा जिल्ह्यातील बुध ह्या गावी १९११ साली जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातून पदवी घेऊन लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात गेले, आणि १९३४ साली नेमन तेथेच आले. प्रत्येक स्तरातील तफावत आधी ठाऊक असेल तर नेमन यांची वाटणी उत्तम. पण प्रत्यक्षात ती ठाऊक नसते. मग आधी एक छोटा चाचणी-नमुना घेऊन त्यावरून तफावतीचा अंदाज बांधला व त्याप्रमाणे पुढची वाटणी केली तर काय होईल, ह्या प्रश्नाचा विचार सुखात्मे यांनी १९३५ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात केला आहे. १९३६ साली त्यांना लंडन विद्यापीठाची डॉक्टरेट मिळाली. पुढे त्यांचे आयुष्य पिकांच्या व अन्नाच्या मोजणीत गेले. रस्त्याच्या कडेला ध्वनिमापक घेऊन उभ्या राहणाऱ्याला त्यांचा हा प्रश्न तंतोतंत लागू पडतो, कारण कोणत्या वेळी आवाज अधिक चंचल असतो हे त्यालाही आधी ठाऊक नसते.

न्यूयॉर्कनंतर तीस वर्षांनी लंडनमध्ये जी पाहणी झाली तिच्यावर ह्या विचारांची छाया दिसते. १९६१-६२ साली मध्य लंडनवर जाळी आखून ५४० ठिकाणी आवाज मोजण्यात आला. ठिकाणे जाळीने ठरविल्यामुळे ‘येथे आवाज फार, येथे मोजू’ ह्या मोहाला वाव राहिला नाही. त्यांपैकी ८४ टक्के ठिकाणी रस्त्यावरील रहदारीचा आवाज वरचढ आढळला. सर ॲलन विल्सन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९६३ साली सादर केलेल्या ‘नॉइझ’ ह्या अहवालात ही पाहणी घेतली आहे. ह्या समितीने सरासरीच्या जोडीला आणखी दोन आकडे रूढ केले. एक, दहा टक्के वेळ जिच्यावर आवाज जातो ती पातळी. दुसरी, नव्वद टक्के वेळ आवाज जिच्या खाली उतरत नाही ती पातळी. ह्या दोहोंमधील पट्ट्याला ‘आवाजाचे हवामान’ असे समर्पक नाव मिळाले, कारण ऐंशी टक्के वेळ आवाज ह्या पट्ट्यात वावरतो.

येथे एक भेद स्पष्ट ठेवला पाहिजे. तो पुष्कळदा विसरला जातो. ‘आवाजाचे हवामान’ आणि विश्वास-अंतराल हे दोन्ही दोन आकड्यांच्या रूपाने लिहिले जातात आणि दिसावयास जुळ्या भावंडांसारखे असतात. पहिला पट्टा रस्त्याचा गुणधर्म आहे. रस्ता अस्थिर असेल तर तो रुंद. वर्षभर मोजले तरी तो अरुंद होणार नाही. दुसरा पट्टा मोजणाऱ्याच्या ज्ञानाचा आहे. मापने वाढली की तो आकसतो. एखाद्या वसाहतीत आवाज ५० ते ७० च्या दरम्यान हेलकावे खात असूनही त्याची सरासरी अर्ध्या डेसिबलपर्यंत नेमकी सांगता येईल. उलट, जेथे आवाज दिवसभर जवळजवळ एकसारखा असतो तेथेही एकदोन मापनांवरून काढलेल्या सरासरीचा अंतराल बराच रुंद येऊ शकतो. झोपमोड होणाऱ्या माणसाला पहिल्या पट्ट्याशी कर्तव्य असते, तक्रारीचा निवाडा करणाऱ्याला दुसऱ्याशी. वृत्तांतांतून ह्या दोहोंची अदलाबदल होते तेव्हा दोघांवरही अन्याय होतो.

निवाड्याचा प्रश्न भारतात २००० सालच्या ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियमांनी ठोस केला. निवासी भागासाठी सकाळी ६ ते रात्री १० पर्यंत ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा त्यांत आहे. व्यापारी भागासाठी ६५ व ५५, औद्योगिक भागासाठी ७५ व ७०, शांतता क्षेत्रासाठी ५० व ४०. पातळी मोजावयाची ती ऊर्जेच्या सरासरीने. मर्यादेपेक्षा १० किंवा अधिक डेसिबल आवाज झाल्यास तक्रार करण्याची मुभा ह्याच नियमांत दिली आहे. मर्यादेचा आकडा असा निःसंदिग्ध आहे. पण मोजलेला आकडा निःसंदिग्ध नसतो. तो किती मापनांवरून काढावा आणि किती खात्री असता मर्यादा ओलांडली असे म्हणावे, हे नियमांतील ह्या आकड्यांवरून कळत नाही.

कल्पना करावी की निवासी भागातील एका खिडकीत नऊ दिवस, दर दिवशी सकाळी ६ ते रात्री १० पर्यंत, आवाज मोजला आणि त्या दिवसांच्या पातळ्या ५४, ५५, ५६, ५७, ५७, ५७, ५८, ५९ व ६० आल्या. सरासरी ५७. प्रमाण विचलन सुमारे १.८७, त्याला नवाच्या वर्गमुळाने भागले की सरासरीची प्रमाण त्रुटी ०.६२ येते. नऊ नोंदींसाठी गॉसेट यांच्या कोष्टकातील गुणक २.३१ आहे. म्हणून ९५ टक्के विश्वास-अंतराल ५५.६ ते ५८.४. त्याची खालची कडदेखील ५५ च्या वर असल्यामुळे मर्यादा ओलांडली गेली असे म्हणण्यास भक्कम आधार मिळतो. मात्र तक्रारीसाठी लागणारे ६५ पुष्कळ दूर राहतात. आता ह्याच नवांपैकी ५४, ५७, ५८ व ५९ एवढे चारच दिवस मोजले असते तर? सरासरी तीच, ५७. पण चार नोंदींचा गुणक ३.१८ होतो, प्रमाण त्रुटी १.०८ होते, आणि अंतराल ५३.६ ते ६०.४ असा पसरतो. ५५ त्याच्या पोटात आले. दोन्ही ठिकाणी आकडा एकच आणि निर्णय वेगळा. नुसत्या सरासरीवर निकाल देणारा माणूस हा फरक पाहूच शकत नाही.

ह्यापुढची पायरी अधिक चमत्कारिक आहे. वरील नऊ दिवसांना उत्सवाचा एक दिवस जोडावा आणि त्या दिवशी पातळी ८० होती असे धरावे. साधी सरासरी ५९.३ पर्यंत चढते. तरीही प्रमाण विचलन ७.५ वर जाते आणि विश्वास-अंतराल ५३.९ ते ६४.७ होतो. त्याची खालची कड ५५ च्या खाली गेली! म्हणजे एक अतिशय गोंगाटाचा दिवस पुराव्यात घातल्याने मर्यादा ओलांडल्याचा दावा दुबळा झाला. सामान्य वाचकाला ही संख्याशास्त्राची लबाडी वाटेल. बाउली यांची शंका अशा जागी पुन्हा डोके वर काढते. वस्तुतः चूक अंतरालाची नाही. सामान्य दिवस आणि उत्सवाचा दिवस हे एकाच आधणातील भात आहेत, असे समजून दोहोंवर एकच सूत्र चालविले, ही चूक आहे. त्यातून ऊर्जेची सरासरी काढली तर ती ७०.२ येते, नऊ दिवसांची तीच सरासरी ५७.४ होती. एका दिवसाने जवळजवळ तेरा डेसिबलांची उडी घडविली.

नेमन यांच्या निबंधाची दोन अंगे येथे एकमेकांना येऊन मिळतात. स्तर पाडल्याखेरीज अंतरालाला अर्थ नाही. भारतीय नियमांनी हे स्तर एका परीने स्वतःच पाडून ठेवले आहेत. सांस्कृतिक किंवा धार्मिक उत्सवांसाठी वर्षातून अधिकांत अधिक १५ दिवस रात्री १० ते १२ पर्यंत ध्वनिवर्धकाची सवलत देण्याचा अधिकार राज्यांना आहे. महाराष्ट्रात ह्या सवलतीचा विषय निघाला की गणेशोत्सव व नवरात्र आठवल्यावाचून राहत नाहीत. तेव्हा वर्षाचे ३५० व १५ असे दोन भाग करून प्रत्येकाचा अंतराल वेगळा काढणे आणि मग त्यांना दिवसांच्या प्रमाणात जोडणे ही योग्य रीत होय. वरील कल्पित आकडेच घेतले, म्हणजे ३५० दिवस ५७ आणि १५ दिवस ८०, तर वर्षाची ऊर्जा-सरासरी ६६.६ येते, आणि वर्षभरातील ध्वनिऊर्जेचा सुमारे नव्वद टक्के वाटा त्या पंधरा दिवसांचा निघतो. अशा परिस्थितीत नेमन यांची वाटणी सांगते की मोजणीचा बहुतेक खर्च त्या पंधरा दिवसांवर करावा. सामान्य दिवसांपैकी थोडे उचलले तरी चालतात, कारण त्यांची ऊर्जा थोडी आणि तफावतही थोडी. सुखात्मे यांच्या चाचणी-नमुन्याचा उपयोग हाच: दोन्ही स्तरांतील काही दिवस आधी मोजून तफावतीचा अदमास घ्यावा. अर्थात साडेतीनशे दिवस ज्याला खिडकीत बसून अभ्यास करावयाचा आहे त्याला वर्षाची सरासरी सांगून उपयोग नाही. दोन स्तरांचे दोन अंतराल वेगळे छापणे हेच अधिक प्रामाणिक ठरेल.

मापन स्वस्त झाल्यापासून आणखी एक भ्रम बळावला आहे. खिशातील फोन दर सेकंदाला एक पातळी दाखवितो. तासाभरात ३,६०० नोंदी होतात. ३,६०० चे वर्गमूळ ६०, म्हणून प्रमाण त्रुटी साठाव्या हिश्शावर आली आणि अंतराल केसाएवढा झाला, असे गणित मांडले जाते. परंतु ट्रक जवळून जात असता ह्या सेकंदाची पातळी आणि पुढच्या सेकंदाची पातळी ह्या दोन स्वतंत्र साक्षी नव्हेत. पहिल्याने सांगितलेलेच दुसरा सांगतो. लागोपाठच्या नोंदींतील सहसंबंध ०.९ असेल तर ३,६०० नोंदींचे वजन सुमारे १८९ स्वतंत्र नोंदींइतके भरते, तो ०.९९ असेल तर अवघ्या १८ इतके. शिवाय तो तास कोणता, हा प्रश्न उरतोच. काळाच्या ओळीत मांडलेल्या आकड्यांवर नेहमीची सूत्रे चालविल्यास केवढी फसगत होते, हे उडनी यूल यांनी १९२६ साली, म्हणजे न्यूयॉर्कची मालमोटार निघण्यापूर्वीच, दाखविले होते. म्हणून नोंदींची संख्या वाढविण्यापेक्षा त्या दूरदूरच्या वेळांवर व निरनिराळ्या दिवसांवर पसरणे श्रेयस्कर. एका तासाच्या हजार नोंदींपेक्षा दहा दिवसांतील चिठ्ठ्या टाकून निवडलेले दहा पाव-तास अधिक सांगतात.

उपकरणाची चूक ही निराळीच बाब. प्रत्येक मापनात ४ डेसिबल अधिक दाखविणारा मापक घेऊन शंभर दिवस मोजले तर विश्वास-अंतराल अत्यंत अरुंद येईल, आणि तो चुकीच्या जागी असेल. अंतराल केवळ नमुन्यातील चढउताराचा हिशेब ठेवतो. सर्व नोंदींना सारखीच लागलेली कीड त्याला दिसत नाही. ह्यासाठी ध्वनिपातळीमापकांच्या आंतरराष्ट्रीय मानकाने त्यांचे दोन वर्ग पाडले आहेत, आणि मोजणीच्या आधी व नंतर ९४ डेसिबलचा ठरावीक स्वर देणाऱ्या साधनाशी मापक ताडून पाहण्याचा प्रघात आहे. ज्या नोंदवहीत हा ताळा लिहिलेला नाही तिच्यातील दशांशस्थळे वाचण्याचे श्रम घेऊ नयेत.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०११ साली मुंबईसह सात महानगरांत आवाजाची अखंड नोंद घेणारी स्थिर केंद्रे उभारण्यास आरंभ केला; पुढे त्यांची संख्या ७० झाली. अशा केंद्रापुरता काळाच्या नमुन्याचा प्रश्न जवळजवळ मिटतो, कारण ते चोवीस तास व बारा महिने ऐकत असते. जागेचा प्रश्न मात्र न्यूयॉर्कच्या १३८ ठिकाणांपाशी होता तेथेच राहतो, किंबहुना अधिक बिकट होतो. सात शहरांत सत्तर केंद्रे म्हणजे एका शहराच्या वाट्यास सरासरी दहा, आणि ती दहाही निवासी, व्यापारी, औद्योगिक व शांतता अशा चार प्रकारांत विभागलेली. शिवाय विश्वास-अंतरालाचे सूत्र जागा चिठ्ठ्या टाकून निवडल्या असतील तरच चालते. केंद्राची जागा वीज, छप्पर व परवानगी पाहून ठरवावी लागली असेल तर जीनी व गालवानी यांच्या २९ विभागांवरील आक्षेप येथेही उभा राहतो. तो आक्षेप क्षणभर बाजूला ठेवला तरी, एखाद्या प्रकारात दोनच केंद्रे असतील तेथे गॉसेट यांच्या कोष्टकातील गुणक १२.७ आहे. त्या दोन केंद्रांच्या वार्षिक पातळ्यांत केवळ २ डेसिबलांचा फरक असला, तरी शहरातील त्या प्रकारच्या भागांच्या सरासरीचा अंतराल मधल्या आकड्याच्या दोन्ही बाजूंस जवळजवळ १३ डेसिबल पसरतो, आणि निवासी भागाची ५५ व औद्योगिक भागाची ७५ ह्या दोन्ही मर्यादा एकाच अंतरालात बसू शकतात.